आईसाठी ज्येष्ठ निवास शोधतेय: नेमकं काय पारखून घ्यायचं?

पाणवठा
आई ७९ वर्षांची. बाबा गेल्यापासून एकटीच राहते. तब्येत तशी बरी, पण गुडघे कुरकुरतात आणि अलीकडे औषधांचा गोंधळ होतो. सकाळची गोळी घेतली की नाही, हे दुपारी तिला सांगता येत नाही. मी दुसऱ्या शहरात, भाऊ परदेशात. ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जायचा विषय तिनेच काढला, त्यामुळे तिच्या मनाविरुद्ध काही चाललेलं नाही.

काही जागा बघून आले. सगळीकडे स्वागत छान, बाग छान, माहितीपत्रकावर हसरे आजी-आजोबा. पण आईला इथे खरंच नीट सांभाळतील का, याचं उत्तर कुठेच हाती लागलं नाही. ज्यांनी आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना अशा ठिकाणी ठेवलंय, किंवा जे तिथे काम करतात, त्यांच्याकडून ऐकायचंय. काय विचारायचं, काय डोळ्यांनी बघायचं, करारात माणूस कुठे अडकतो?

आणि एक पेच आहे. एक जागा माझ्या घराजवळ आहे, दुसरी तिच्या मैत्रिणींच्या जवळ. मला पहिली हवीशी वाटते. ती अजून काही बोललेली नाही.

दुसरी_पाळी
वृद्धांच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स आहे. ताई, जागा बघणं थोडं थांबवा आणि आईंना नेमकी कशाकशात मदत लागते ते आधी लिहून काढा. आम्ही त्यासाठी दोन जुन्या याद्या वापरतो. एक सिडनी कॅट्झ यांची, १९६३ ची: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाऊन येणं, पलंगावरून-खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. दुसरी लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ ची: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. माणूस बहुतेक वेळा आधी दुसऱ्या यादीत अडखळतो, पहिलीत नंतर. तुम्ही औषधांचं लिहिलंय, ते दुसरीतलं. पैशांचं कसं चाललंय तेही हळूच बघा. बिलं पडून राहताहेत का, एकच बिल दोनदा भरलं जातंय का.

पहिल्या यादीतलं सगळं जमत असेल तर इंडिपेंडंट लिव्हिंग (स्वतःचं स्वतः करत राहायची सोय) चालेल, फक्त औषधं देणारं कुणी हवं. आंघोळ, कपडे यात हात लागत असेल तर असिस्टेड लिव्हिंगच (रोजच्या कामांत मदतनीस असलेली सोय) बघा. पण हिशोब आजचा करू नका, दोन-तीन वर्षांनंतरचा करा. गरज वाढली तर त्याच आवारात पुढची सोय आहे का? नसेल तर ८२ व्या वर्षी पुन्हा नवी खोली, नवे चेहरे. त्या वयात जागा बदलणं फार जड जातं.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी सांगते. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. चाल नेहमीचीच ठेवायची. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून डॉक्टरांना दाखवा. करून घेताना शेजारी उभ्या राहा.

अधूनमधून
वाखु (वाचनखूण) साठवली. सासऱ्यांसाठी आमच्याकडेही हेच चाललंय.

सरळ_रेघ
मला हे पटत नाही, स्पष्टच लिहितो. आई चालती-फिरती आहे, मग घर कशाला सोडायचं? औषधांसाठी आठवड्याच्या कप्प्यांची डबी मिळते. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत घरीच ठेवलं. दिवसा एक माणूस, रात्री एक. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, सरकणाऱ्या सतरंज्या काढल्या, पलंगाची उंची बदलून घेतली. ओळखीच्या घरात माणूस अंधारातही चुकत नाही. बटण कुठे, नळ कुठे, हे हाताला माहीत असतं. ज्याला आधीच विसर पडतोय, त्याने हे सगळं नव्या जागी पहिल्यापासून शिकायचं?

मधली_सून
सरळ_रेघ, तुमच्या वडिलांचं छान झालं, कारण तुम्ही त्याच घरात होतात. धागाकर्ती दुसऱ्या शहरात आहे. घरी माणसं ठेवली की त्यांच्या सुट्ट्या, त्यांची आजारपणं, एक सोडून गेला की दुसरा शोधणं, हे कुणाला तरी रोज बघावं लागतं. फोनवरून ते होत नाही. आमच्या सासूबाईंना घरी सगळं होतं, बोलायला माणूस नव्हतं. मदतनीस मोबाइलमध्ये आणि सासूबाई टीव्हीसमोर, असे दिवसच्या दिवस जायचे.

आमची जागा कशी ठरली ते सांगते. आम्ही बघायला गेलो तेव्हा एक मदतनीस एका आजोबांना शर्ट घालत होती. त्यांचे हात थरथरत होते. तिने वरची बटणं लावली, खालची दोन सोडून दिली आणि नुसती उभी राहिली. आजोबांनी पहिलं बटण लावलं, ते निसटलं, पुन्हा लावलं. मागे कुठल्या तरी खोलीची बेल वाजली. तिने मैत्रिणीला हाक मारून तिकडे पाठवलं, पण आजोबांच्या बटणाला हात लावला नाही. आमचं तिथेच ठरलं. लॉबी साधीच होती, बागही लहान.

दुसरी_पाळी
मधली_सून, अगदी हेच बघायचं असतं. घाईच्या ठिकाणी उलटं दिसतं. जेवता येणाऱ्याला भरवतात, चालता येणाऱ्याला चाकाच्या खुर्चीतून नेतात, कारण त्यात वेळ वाचतो. जे काम माणसाच्या हातून काढून घेतलं, ते बहुतेक वेळा परत येत नाही.

रात्रीचं लिहायचं राहिलं होतं. रात्री किती माणसं असतात आणि ती जागी असतात की 'कॉलवर'? नर्स आवारात असते की फोनवर? रात्री कुणी पडलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करतात, हे मॅनेजरला न विचारता मजल्यावरच्या मदतनिसाला विचारा. उत्तर लगेच आलं तर ठीक. ती मॅनेजरकडे बघायला लागली तर समजून घ्या. न्हाणीघरातली बेल दाबून बघायची परवानगी मागा आणि कोण, किती वेळाने येतं ते बघा. बेलची दोरी जमिनीपर्यंत पोहोचते का, तेही बघा. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत जात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मदतनीस किती वर्षं टिकून आहेत? दर दोन महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर आजींना कुठल्या कुशीवर झोप लागते हे कुणालाच ठाऊक नसतं.

कलम_सातवं
व्यवसायाने वकील आहे, असे बरेच करार वाचलेत. दर आणि अनामत लोक विचारतातच. जे विचारत नाहीत ते लिहितो.

माणसाला बाहेर कधी काढता येतं, हे कलम आधी वाचा. 'आमच्या क्षमतेपलीकडची गरज निर्माण झाल्यास' असं वाक्य असतं. ती क्षमता कोण ठरवणार, कशावरून, आणि जागा सोडायला मुदत किती? हे लिहून घ्या. पडल्यानंतर रुग्णालयातून परत येताना 'आता आम्ही घेऊ शकत नाही' असं ऐकावं लागलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि करारात ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग मदतीची पातळी. बऱ्याच ठिकाणी खोलीचं भाडं वेगळं आणि देखभालीचे पैसे पातळीनुसार वेगळे. पातळी बदलताना मूल्यमापन कोण करतं, कुटुंबाला लेखी कळवतात का, हरकत घेता येते का? दरवाढीला कमाल मर्यादा आहे का? रुग्णालयात असताना खोली किती दिवस राखून ठेवतात आणि त्या दिवसांचे पूर्ण पैसे लागतात का? अनामत परत कधी, आणि माणूस गेल्यावर कुणाच्या नावाने? तोंडी दिलेल्या शब्दाला नंतर कुणी विचारत नाही. 'आम्ही सगळं बघून घेतो' म्हणाले की तेवढंच वाक्य करारात घालून द्यायला सांगा.

आई ठणठणीत असतानाच तिच्या वतीने पैशांचे आणि उपचारांचे निर्णय कोण घेणार, याचे कागद करून घ्या. तिची समज शाबूत असेपर्यंतच ते करता येतात.

फावला_वेळ
आमच्या बाबांनी सगळा कारभार स्वतःच केला. मॅनेजरलाच समोर बसवून मुलाखत घेतली. शेवटी विचारलं, "स्वतःच्या आईला इथे ठेवाल का?" तो म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर आहे. बुद्धिबळाला माणूस शोधतेय." बाबांनी त्याच दिवशी खोली पक्की केली. अजून एकही डाव जिंकलेले नाहीत, त्यामुळे परत यायचं नाव काढत नाहीत.

अधूनमधून
:)) मॅनेजरपेक्षा त्याची आई कामाची निघाली!

चष्म्याचं_घर
थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. नवीन जागी नेण्याआधी आईंचे कान आणि डोळे तपासून घ्या. माझ्या मावशीला तिथे सगळे 'एकलकोंडी' म्हणायला लागले होते. खरं तर तिला भोजनगृहातल्या गलक्यात समोरच्याचं बोलणंच कळत नव्हतं, म्हणून ती खोलीत जेवायची. श्रवणयंत्र आलं आणि ती खाली येऊन बसायला लागली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियावरच्या (स्मृतिभ्रंशावरच्या) २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके दिलेत. त्यात ऐकू कमी येणं आहे आणि उपचार न केलेली कमी दृष्टीही आहे. जागा बघताना भोजनगृहात जेवणाच्या वेळी बसून बघा. दोन माणसांना न ओरडता बोलता येत नसेल तर आईला तिथे ओळखी करणं अवघड जाईल.

अधूनमधून
श्रवणयंत्र त्या लावतात का पण? आमच्या सासऱ्यांचं कायम खणात.

चष्म्याचं_घर
सुरुवातीला खणातच असायचं. पुन्हा जाऊन आवाजाची पातळी नीट जुळवून घेतली, मग लावायला लागली. पहिल्यांदा बसवलेलं तसंच सोडून द्यायचं नाही, दोन-तीनदा जुळवून घ्यावं लागतं. आणि बॅटरी कोण बदलणार, हे त्या मदतनिसांशी आधीच ठरवून ठेवा.

पुस्तकी_किडा
निवड करायला मिळणं किती मोलाचं असतं यावर एक जुना प्रयोग आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की खोली कशी लावायची, चित्रपट कधी बघायचा हे तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालणार आणि काळजीही तेच घेणार. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त उत्साही आणि सजग दिसू लागले. म्हणून मी म्हणतो, जागा बघताना विचारा: इथे राहणारे स्वतः काय काय ठरवतात?

कलम_सातवं
प्रयोग मोलाचा आहे, पण लहान होता. नंतर त्याच्या पाठपुराव्यातल्या मृत्युदराच्या आकडेमोडीत दुरुस्तीही छापावी लागली. रोप दिलं की आयुष्य वाढतं, असं कुणी वाचू नये.

पुस्तकी_किडा
मान्य. मी आयुष्याच्या लांबीबद्दल बोलतच नव्हतो, दिवस कसा जातो त्याबद्दल बोलत होतो.

सांजवेळ
माझी आई डिमेन्शियामुळे मेमरी केअरमध्ये, म्हणजे विसर पडणाऱ्यांसाठीच्या खास निवासात होती. हा भाग अजून कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते.

विसरण्याचं निदान झालं असेल तर संध्याकाळी जाऊन बघा. अनेकांना दुपार कलल्यावर बेचैनी सुरू होते. कुणी 'घरी जायचंय' म्हणत दाराशी उभं राहतं, कुणी चिडतं. त्या वेळी कर्मचारी काय करतात, त्यावर जागेची परीक्षा होते. आईच्या पहिल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) ती संध्याकाळभर शांत असायची आणि आम्हाला बरं वाटायचं. मग लक्षात आलं की ती दुपारपासून गुंगीत आहे. तिला मनोविकारावरचं औषध सुरू केलेलं होतं, आम्हाला न सांगता. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलाय. कधी कधी ती खरंच लागतात, मी नाकारत नाही. पण आधी दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, भूक, भीती हे सगळं तपासायला हवं. आणि घरच्यांना न विचारता नवीन औषध नाही, हे लेखी हवं.

दुसऱ्या ठिकाणी त्याच वेळी एक मदतनीस आईचा हात धरून तिला आवारात फिरवून आणायची. "घरी जायचंय" म्हटलं की "चला, बघून येऊ" म्हणायची. आई दमून परत यायची आणि नीट जेवायची. तेवढंच.

नेदरलँड्समध्ये वेस्प इथे होगवेक नावाची वसाहत आहे, २००९ पासूनची. डिमेन्शिया असलेले लोक तिथे लहान लहान घरांमध्ये राहतात, आवारातच दुकान आहे, नाट्यगृह आहे, मोकळं हिंडता येतं. सगळीकडे असं मिळणार नाही, पण तुम्ही बघताय त्या जागी दार बंद असेल तर आतल्या आत फिरायला मोकळी, सुरक्षित वाट आहे का, एवढं तरी बघाच.

सरळ_रेघ
सांजवेळ, वाचून वाईट वाटलं. मी घरीच ठेवा म्हणतो ते याच भीतीपोटी. चार भिंतींआड काय चाललंय ते कळत नाही.

सांजवेळ
घराच्या चार भिंतींआडही कळत नाही, दादा. कळण्यासाठी वेळी-अवेळी जावं लागतं, दोन्हीकडे.

खिडकीजवळची
मी स्वतः अशा ठिकाणी राहते. वय ८१. मुलं-सुना छान लिहिताहेत, पण जिला जायचंय तिचं कुणी अजून विचारलेलं नाही. पाणवठा, तू लिहिलंयस, आई काही बोललेली नाही. तू तिला सरळ विचारलंस का? आम्ही आपणहून बोलत नाही. मुलांना अडचण होईल असं काही तोंडून जाऊ नये म्हणून जपतो.

मला इथे येताना मोजक्याच गोष्टी हव्या होत्या. दाराला आतून कडी हवी आणि माझ्या खोलीत येण्याआधी दार वाजवायला हवं. आंघोळ मी म्हणेन त्या वेळी. जेवायला कुणाबरोबर बसायचं ते मी ठरवणार. माझी खुर्ची मी आणणार. बाग, जिम, सिनेमाची खोली यांतलं काही मी विचारलं नव्हतं. कडी मिळाली, पण बाहेरून चावीने उघडणारी. तेही बरोबरच आहे, मी आत पडले तर?

पहिले काही आठवडे वाईट जातात, हे आईला आधीच सांग. मला रोज वाटायचं, सामान भरावं आणि जावं. मुलाने 'आवडतंय ना?' असं विचारायचं थांबवून 'आज काय झालं?' विचारायला सुरुवात केली, मग मला खरं बोलता यायला लागलं. आणि तुमचे सगळ्यांचे प्रश्न कागदावर लिहून तिच्याच हातात द्या. जागा बघायला गेलात की तिने विचारू देत. उत्तर देणारा माणूस तिच्याकडे बघून बोलतो की तुमच्याकडे, एवढ्यावरून मला पुष्कळ कळलं होतं.

मधली_सून
काकू, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतेय.

फावला_वेळ
खिडकीजवळची, बुद्धिबळ खेळता का हो? बाबांना जिंकायचंय एकदा तरी.

खिडकीजवळची
मीही हरू देणार नाही त्यांना सहजासहजी, आणि जिंकूही देणार नाही.

पाणवठा
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये आईकडे राहून आले. दुसरी_पाळी, दोन्ही याद्या तिच्याबरोबर बसून भरल्या. पहिली पूर्ण जमते. दुसरीत औषधं आणि प्रवास अडतात, पैशांचं चोख आहे. चालायच्या चाचणीला १४ सेकंद लागले, डॉक्टरांची वेळ घेतलीय.

काकू, तुमचं वाचून तिला सरळ विचारलं. तिला मैत्रिणींजवळची जागा हवी आहे. म्हणाली, "तुझ्याजवळ आले तर तू ऑफिस करून रोज धावत येशील आणि मी रोज दाराकडे बघत बसेन. त्या दोघी असल्या तर माझे माझे दिवस जातील." मला हे लागलं, पण तिचं बरोबर आहे. आता काळजी एवढीच की रात्री-अपरात्री काही झालं तर मी तासाभरात पोहोचू शकणार नाही.

दुसरी_पाळी
तासाभरात पोहोचूनही पहिलं काम तिथल्याच माणसांना करायचं असतं. म्हणून रात्रीचे प्रश्न नीट विचारा. जवळचं रुग्णालय किती लांब, रुग्णवाहिका कोण बोलावतं, सोबत कोण जातं, आईंच्या औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट कुणाजवळ असतात. त्या गावात तुमच्या वतीने रुग्णालयात जाऊन उभं राहील असं एक माणूस ठरवून त्याचं नाव तिथे नोंदवून ठेवा.

सरळ_रेघ
मैत्रिणींचंही वय झालं असेलच. त्या भेटायला येऊ शकतील का, की आईलाच जावं लागेल? १४ सेकंद लागताहेत म्हणजे हा प्रश्न गौण नाही. बाकी आईने स्वतः ठरवलंय, तर माझं काही म्हणणं नाही. फक्त जुनं घर लगेच विकू किंवा सोडू नका.

पाणवठा
एक मैत्रीण त्याच वसाहतीत राहते, दुसरी समोरच्या रस्त्यावर. घर ठेवणारच आहोत. महिनाभर राहून बघायची सोय तिथे आहे, तेवढं करून मग ठरवू. त्यासाठी काय न्यायचं, काय आधी सांगायचं?

दुसरी_पाळी
सगळ्या औषधांची यादी, मात्रा आणि वेळेसकट, आणि कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती ठळक. मागच्या तपासण्यांचे कागद. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र असेल तर त्यावर नाव. पायात घट्ट बसणाऱ्या, मागून बंद असणाऱ्या चपला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा मंद दिवा आहे का ते पहिल्याच दिवशी बघा. आणि एका पानावर आईंच्या सवयी: उठतात कधी, आंघोळ कधी, कशाने चिडतात, काय नाव घेऊन हाक मारलेली आवडते. ते पान मदतनिसांच्या हातात द्या, ऑफिसात नको.

खिडकीजवळची
ते पान तिलाच लिहू दे.

कलम_सातवं
आणि महिनाभराच्या मुक्कामाचाही करार असतो, तो सही करण्याआधी वाचा. मुदत संपल्यावर 'नकार न कळवल्यास कायम प्रवेश समजण्यात येईल' असं कलम असेल तर ते खोडून, त्या खोडण्यावर दोन्ही बाजूंची सही घ्या. अनामत आत्ता घेत असतील तर न राहिल्यास पूर्ण परत, किती दिवसांत, हेही लिहून घ्या. हवं तर नावं-पत्ते झाकून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचून सांगतो.